रविवारची शहर-फेरी आणि लाल टोपी

१ सप्टेंबर, रविवार

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे. संतापाच्या भरात लिहितोय.

कॉलेजने शहर-फेरी माझ्याकडून काढून घेतली. दर रविवारी नव्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना पायी फिरवून हे शहर दाखवायचं काम इतकी वर्षं कोण करत होतं? मी. भूगोलाचा निवृत्त विभागप्रमुख. प्रभारी होतो, पण खुर्ची तीच असते. आता म्हणे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी करणार. डोक्यावर लाल टोपी. पात्रता एवढीच.

प्राचार्य म्हणाले, सर, तुमची फेरी लांबते, पालक अर्ध्यातून निघून जातात. अहो, निघून जात नाहीत, भारावून जातात! वर म्हणतात, आता आराम करा. आराम करायला मी काय आजारी आहे?

संध्याकाळ

निश्चय. स्वतःची स्वतंत्र फेरी काढणार. विनामूल्य. दर रविवारी सकाळी, आमच्या सोसायटीच्या गेटपासून. लाल टोपीचं दुकान महिन्याभरात बंद.

दुसरा निश्चय. चिडायचं नाही. डॉक्टरांनी बजावलंय.

नात यंदा इथेच कॉलेजला आलीय. आजोबांचं घर गावात असताना हॉस्टेलवर राहते. असो. पण हे शहर तिला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. बाकी मला काही नको. फोन केला. म्हणाली, बघते हं आजोबा. म्हणजे येणार.

८ सप्टेंबर, रविवार

गेटवर कोणी नाही. नातही नाही. वॉचमनलाच म्हटलं चल, तर म्हणे गेट सोडता येत नाही. सबबी!

एकट्याने फेरी केली. मोठ्याने बोलत केली, सवय मोडायला नको. बागेतल्या तळ्याशी उभा राहून शहराचा उतार बदकांना समजावला. माळी जवळ येऊन विचारतो, काका, बरं वाटत नाही का? उर्मट माणूस.

घरी येऊन हिच्यावर ओरडलो. मग टीव्हीवर. मग दूधवाल्यावर. चिडलो नव्हतो. आवाजच मोठा आहे माझा.

११ सप्टेंबर, बुधवार

ही जिन्यात शेजाऱ्यांशी कुजबुजत होती. मी दिसताच सगळे गप्प. बायकांचे काहीतरी विषय. पण मग त्यात सोसायटीचे सेक्रेटरी काय करत होते?

१५ सप्टेंबर, रविवार

विजय! गेटवर माणसं! खालचा औषधवाला, डेंटिस्ट बाईंचे मिस्टर आणि सेक्रेटरींची बहीण. जाहिरात नाही, काही नाही. नाव आपोआप पसरतं ते असं.

नाल्यावरच्या पुलावर थांबून पाणी कुठून येतं, कुठे जातं, का जातं, सगळं सविस्तर सांगितलं. औषधवाला डोळे मिटून ऐकत होता. काय ती एकाग्रता! मधेच त्याचं डोकं कठड्यावर आपटलं, तरी बिचारा घरी गेला नाही.

बागेत लाल टोपी दिसली. ही एवढी गर्दी घेऊन उभी, आणि विचारतेय काय, तर या बदकाचं नाव काय ठेवू या? नाव! बदकाचं! तळ्यात पाणी कुठून आलं याचा एक शब्द नाही. डोक्यात तिडीक गेली. मी रोखून बघितलं तर तिने टोपी नीट केली. घाबरली. माझ्याबद्दल ऐकून असणारच.

नात आली नाही. टेस्ट आहे म्हणे. रविवारी कसली टेस्ट?

१८ सप्टेंबर, बुधवार

ही डेंटिस्ट बाईंची जुळी पोरं सांभाळतेय. काल औषधवाल्याच्या कुंड्यांना पाणी घातलं. परवा सेक्रेटरींच्या आईला हाताला धरून बागेत नेलं. म्हटलं, ही फुकटची हमाली कशाला? तर म्हणाली, असू द्या हो, शेजारी आहेत.

हिच्या चांगुलपणाचा फायदा घेतात मेले. एकेकाला फैलावर घेणार होतो. पण माझे श्रोते आहेत, म्हणून गिळलं.

२२ सप्टेंबर, रविवार

गेटवर भांडण! औषधवाला आणि सेक्रेटरी. आज तुमचा नंबर होता. छे, तुमचा होता. माझ्या फेरीला यायला मिळावं म्हणून हमरीतुमरी! मधे पडलो. म्हटलं, मारामारी करू नका, दोघेही चला. दोघांचेही चेहरे पडले. प्रत्येकाला वाटत होतं, सर एकट्याला मिळावेत.

वाचनालयाच्या पायऱ्यांवर लाल टोपीची माणसं खो-खो हसत होती. शहर ही काय हसायची गोष्ट आहे? मुद्दाम त्यांच्या जवळून चढ्या आवाजात बोलत गेलो. एकानेही मान वळवली नाही. तशी तंबीच दिली असणार तिने.

नात नाही. सर्दी म्हणे. हॉस्टेलवर राहिलं की सर्दी होणारच.

२४ सप्टेंबर, मंगळवार

मागणी बघता शनिवारीही फेरी काढायचं ठरवलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं. डेंटिस्ट बाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. सेक्रेटरी उठून बाहेरच गेले. कुणाला शब्द सुचत नव्हते.

घरी आल्यावर ही म्हणाली, अहो, एवढं एक माझ्यासाठी मागे घ्या. मी ठणकावलं, लोकांचा हिरमोड करू? त्यावर स्वयंपाकघरात भांडी आपटल्याचे आवाज. हिला माझी लोकप्रियता कधी पचलीच नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

फक्त सेक्रेटरींची बहीण. अंगात ताप. तरी आली. ही खरी ज्ञानाची ओढ. पुलाशी तिला चक्कर आली, म्हणून पाणलोट थोडक्यात आटपावा लागला. फार हळहळ वाटली. पाणलोटाबद्दल.

२९ सप्टेंबर, रविवार, सकाळ

नात आली! स्वतःहून! गेटवर उभी, हातात पाण्याची बाटली. माझ्या शर्टचं बटण उलटसुलट लागलं होतं, ते तिने नीट केलं. मी तिच्या हातातली बाटली स्वतःकडे घेतली.

संपूर्ण फेरी केली. कॉलेजचं गेट, घड्याळाचा मनोरा, पूल, वाचनालय, बाग. कुठेही घाई नाही. पोरीने हूं की चूं केलं नाही. वाटेत लाल टोपी आडवी गेली. मी नातीचा हात धरून छाती काढून चाललो. बघ म्हणावं.

२९ सप्टेंबर, दुपार

सकाळचं बागेतच लिहिलं होतं, नात बदकं बघत होती तोवर; वही खिशात असते. पुढचंही लिहायला हवं. तळ्याकाठच्या बाकावर बसलो होतो. म्हटलं, आता पुढच्या रविवारी ये, संग्रहालयही दाखवतो. ती म्हणाली, नाही आजोबा, आपल्या घराचा नंबर आता एकदम महिन्याभराने.

म्हटलं, कसला नंबर?

तिने तोंडावर हात ठेवला. मग खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. दर रविवारी सोसायटीतल्या ठरलेल्या घरांतून एकेक माणूस माझ्याबरोबर पाठवायचा. घरं नंबराने बदलायची. बदल्यात ही त्यांची पोरं सांभाळणार, कुंड्यांना पाणी घालणार, म्हाताऱ्यांना फिरवून आणणार. शनिवार वाढल्यावर माणसं पुरेनात, म्हणून आपल्याही घराचा नंबर लागला. हिचा गुडघा दुखतो. म्हणून नातीला पाठवलं. बदली!

घरी येऊन तांडव केलं. लाज काढलीस माझी. भीक मागितलीस दारोदार. ही शांतपणे ऐकत होती. मग एकदम माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली. म्हणाली, हो मागितली! त्या पहिल्या रविवारी तुम्ही बदकांशी बोलत होतात असं माळ्याने मला सांगितलं. मी आणखी कुणाकडे जायचं होतं? आणि दिवसभर तुमचा आरडाओरडा मी एकटीने किती वर्षं ऐकायचा?

लग्नापासून हिचा आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. मी गॅलरीत जाऊन बसलो. चिडलो नाही. चिडायला काही सुचेना.

१ ऑक्टोबर, मंगळवार

फेरी बंद. स्वतः प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगितलं. म्हटलं, बघू या, किती अडवतात. सेक्रेटरी म्हणाले, तुमच्या निर्णयाचा आदर आहे, आणि चहा पाजला. डेंटिस्ट बाईंनी दात फुकट तपासून देते म्हटलं. औषधवाल्याने तर मिठी मारली. बराच वेळ सोडेना.

बंद करू नका, असं एकदाही कुणी म्हणालं नाही. ओघात राहून गेलं असेल.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

शांत आहे. दूधवाल्याला काही बोललो नाही. तर तोच घाबरून हिला विचारतो, काका आजारी आहेत का?

६ ऑक्टोबर, रविवार

फेरीच्या वेळेला जाग आलीच. कपडे करून बसलो. जायला मात्र कुठे नव्हतं.

बेल वाजली. नात. म्हटलं, आज कुणाच्या बदली? ती म्हणाली, कुणाच्याच नाही, मी लाल टोपीच्या फेरीला निघालेय, चला. मी कडाडलो, त्या पोरीच्या मागून? मी? मेलो तरी येणार नाही! आतून ही म्हणाली, जा हो. बस्, एवढंच. पण ज्या आवाजात म्हणाली, त्यावर मला चप्पल घालावी लागली.

गेटपासून बागेपर्यंत मनात उत्तरं जुळवत होतो. तिने टोमणा मारला तर काय बोलायचं. माफी मागितली तर किती ताणायचं. सगळ्यांसमोर, सर, तुम्हीच बोला ना, असं म्हणाली तर आधी नाही म्हणायचं.

बागेत गर्दीच्या कडेला उभे राहिलो. लाल टोपी सरळ माझ्याकडे आली. जवळून अगदी लहान दिसते. हसली, आणि विचारते, काका, नवीन आलात का या शहरात?

नात उसळून काहीतरी सांगणार होती. मी तिचा हात दाबला आणि हो म्हणालो.

लाल टोपी म्हणाली, मग पुढे या, मागे ऐकू येत नाही. गेलो पुढे.