फौजदाराचा तुरा

दि. ९ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींनाही सांग. जड काही उचलू नकोस. पत्रात आधी सगळे खुशाल असल्याचे लिहायचे असते, पण तू फोनवर फौजदाराची चौकशी केली होतीस, म्हणून आधी त्या कोंबड्याचेच लिहितो.

त्याच्या तुऱ्याची टोके काळी पडली आहेत. चूक माझी. थंडी वाढली तसे मी खुराड्याला चारी बाजूंनी गोणपाट ठोकले आणि वरचे झरोके चिंध्या कोंबून बंद केले. आत हात घातला की ऊब लागायची, मी खूश. मग एका सकाळी पाहिले तर छताला आतून पाणी सुटलेले, भुसा ओला आणि फौजदार मान पाडून उभा. मी घाबरून त्याचा तुरा चोळू लागलो. गुरांचे डॉक्टर आले ते माझ्यावरच डाफरले, "कोंबड्या वाफेवर शिजवायचा बेत आहे का? थंडी सोसते रे त्यांना, कोंडलेली ओल नाही सोसत."

चोळायचे नाही, शेकायचे नाही. काळे झालेले कापायचे नाही, ते आपोआप गळते. भुसा कोरडा हवा, झरोके उघडे हवेत. वारा त्यांच्या डोक्यावरून जावा, अंगावर येऊ नये. बाकीच्यांच्या तुऱ्यांना मी संध्याकाळी व्हॅसलीनचा पातळ हात लावतो. त्या ओरडतात, जणू मी मान मुरगाळतोय.

फौजदाराला कोरड्या खोक्यात घालून घरात, आईच्या कॉटशेजारी ठेवले आहे. "दोन पेशंट एका खोलीत," असे ती म्हणते.

हे लिहून गेलो. खोडत नाही. खाडाखोड मला आवडत नाही, तुला माहीत आहे.

तू फोन करतेस तेव्हा आई खुराड्यात आहे असे मी सांगतो. ताई, दिवाळीच्या सुट्टीत तू येऊन गेलीस, त्यानंतर ती खुराड्याकडे गेलेलीच नाही. छातीत पाणी झाले आहे. दोनदा काढले, पुन्हा भरते. आता इस्पितळात ठेवून उपयोग नाही असे डॉक्टर म्हणाले. थंडी सरेपर्यंत राहील की नाही हेही सांगता येत नाही म्हणाले. आईने मला बजावले आहे, "ताईचे दिवस भरत आलेत. तिला यातलं काही कळवू नकोस. कोंबड्यांचं लिही."

म्हणून मी कोंबड्यांचे लिहीत राहिलो. सगळे झरोके बंद करून.

तुला प्रवास झेपेल का, ते तुझ्या डॉक्टरांना विचारूनच ठरव. नाही जमले तर सकाळी फोन कर. मी तिच्या कानाला लावीन. तिला फार बोलवत नाही, पण ऐकू सगळे येते. रडायचे असेल तर आधी रडून घे.

पेटीत टाकण्याआधी प्रत्येक पत्र मी तिला वाचून दाखवतो. आजचे कोंबड्या ओरडतात तिथपर्यंतच वाचीन. ती हसेल.

तुझा,
धाकटा