बासुंदीचा ताळा

ती. सौ. सिंधुआत्यास,

प्रफुल्लचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आईची तब्येत ठीक आहे, फक्त रविवारपासून ती माझ्याशी बोलत नाही. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि अर्ध्या कळवणला ऐकू जातो. म्हणून हे पत्र.

तू आणलेल्या स्थळाची मंडळी, म्हणजे कारभारीकाका, चतुराबाई आणि त्यांची स्नेहल, रविवारी नाशिक रोडला आमचं घर बघायला आली. (स्नेहल मला फार आवडली आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझाही जीव टांगणीला लागेल.) बासुंदी मीच करणार, हा हट्ट माझा. कॉलेजात मी पोरांना मटेरियल बॅलन्स शिकवतो: भांड्यात जेवढं घातलं तेवढं बाहेर तरी निघालं पाहिजे, नाहीतर आत तरी उरलं पाहिजे, तिसरी वाट नाही. म्हटलं, होणाऱ्या सासऱ्यांना जरा विद्या दाखवावी. भाजीवाल्याचा काटा मागून आणला. दूध, साखर, चारोळी, सगळं तोलून घातलं. सिलिंडरसुद्धा आधी आणि नंतर तोलला, कारण जेवढा गॅस जळेल त्याच मानाने पाण्याची वाफ होणार. (आपली शेगडी किती उष्णता वाया घालवते, तेही आदल्या दिवशी नुसतं पाणी उकळून काढलं होतं. आईने तेव्हाच कपाळाला हात लावला.)

बासुंदी निवत ठेवून मी हॉलमध्ये गप्पा मारत बसलो. काका मधूनमधून हात धुवायला आत जात होते. माणूस स्वच्छतेचा भोक्ता दिसतो, असं मला वाटलं. वाढण्याआधी पातेलं काट्यावर ठेवलं, तर हिशेबापेक्षा पाऊण किलो कमी! तळाची खरवड काढून तोलली, उलथन्याला लागलेलीही सोडली नाही. वाफ म्हणावी, तर तेवढा गॅसच जळलेला नव्हता. शहाण्या माणसाने गुपचूप वाट्या भरल्या असत्या. मी काटा काखेत मारून हॉलमध्ये गेलो आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं की पाऊण किलो बासुंदीची वाफ झालेली नाही, ती कुठेतरी गेलेली आहे.

चतुराबाईंनी सावकाश नवऱ्याकडे पाहिलं. "अवो, मिशीत ती चारोळी कशाची हाय?"

काकांना मधुमेह आहे आणि वर्षभरापासून गोड बंद आहे, हे मला तेव्हा कळलं. काकांनी टोपी घातली आणि मंडळी न जेवता निघाली. स्नेहल ओढणीत तोंड लपवून हसत होती की रडत होती, देव जाणे. तेव्हापासून निरोप नाही. पाहुण्याचे घास मोजणारा मुलगा आपल्या पोटी कसा आला, असं आई शेजारणीला विचारते. मला झोप लागत नाही. आत्या, मला फार भीती वाटते गं.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
प्रफुल्ल

ता. क. तेल मी पाठवीन, पण आधी चतुराबाईंकडे जा आणि सांग की प्रफुल्लचा काटा खराब होता. (काटा बरोबर होता. तरी सांग.)

ता. क. २. जाऊ नकोस! पाकिटाला डिंक लावतच होतो, तेवढ्यात काकांचा फोन आला. आवाज अगदी दबका. "ही मळ्यात गेलीय म्हणून बोलतो. लग्नात बासुंदीच ठेवू, हिशेबही तुम्हीच करा. फक्त वाफ जरा जास्त धरा, जावईबापू."