रातोरात लहान झालेले मुळे

ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा अर्धाच वाकून).

तुझा गुडघा कसा आहे? पत्रात आधी हे विचारायचं असतं म्हणून विचारतो. उत्तर एका ओळीत दे. मागल्या खेपेला तू गुडघ्यावर तीन पानं लिहिलीस आणि चौथ्या पानावर कळलं की बरा आहे. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्याकडे माझं काही काम नाही, सहज लिहितोय.

तुला माहीत आहे, नळकाम सोडलं तरी नळकामाचं सामान मी सोडलेलं नाही. परसदारी जुने पाइप, दोन बेसिनं, एक कमोड (नवाच आहे, नुसता चिरलाय), सगळं नीट रचून ठेवलेलं होतं. थंडी सरली तशी तुझ्या भावजयीने पाइप एका अंगाला सारले, मधे वाफा केला, काय काय पेरलं आणि वर माझ्याशी पैज लावली, "महिन्याभरात इथून ताटात पडेल असं काही निघालं तर परसदार माझं आणि हे भंगार बाहेर. नाही निघालं तर पुन्हा बागेचं नाव काढणार नाही." मी लगेच हो म्हटलं. त्या मातीत मी वीस वर्षं सिमेंटच्या गोण्या झटकल्या आहेत, तिथे काय उगवतंय?

आठ दिवसांनी आमच्या लेकीचा तिच्या सासरी पाय मोडला आणि ही तिकडे निघाली. जाताना दारातून दहा वेळा सांगितलं, "रोज पाणी घाला आणि तण काढा." बरं, तण कशाला म्हणतात ते कोण सांगणार? आमच्या धंद्यात हिरवं दिसलं की काढायचं, एवढाच नियम. टाकीत शेवाळ दिसलं, खरवडा. गटारात मुळं शिरली, उपटा. वाफ्यात सगळीकडे बारीक हिरवं आलेलं दिसलं. दहा मिनिटांत असा साफ केला की वर फरशी बसवावी. संध्याकाळी फोनवर मीच छाती फुगवून सांगितलं, एक तण ठेवलं नाही. ही म्हणाली, "शाब्बास! आणि माझी पानं कशी आहेत?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तोंडातून निघालं, "झकास."

तू म्हणशील, मग काय, पैज जिंकलास की! अगं, तेच तर नको होतं. चुकून उपटलं हे कोण मानणार? ही म्हणणार, जागेसाठी म्हाताऱ्याने मुद्दाम केलं. उभ्या जन्मात मी कुणाच्या नळाला मुद्दाम गळती ठेवली नाही, आणि आता घरातच लबाड ठरायचं? हिने बोलून दाखवलं असतं तरी चाललं असतं. ही बोलत नाही, नुसती बघते. तेव्हा ठरवलं, पैज हरायचीच, आणि त्यासाठी लबाडी करावी लागली तर करायची. (हे वाक्य दोनदा वाचू नकोस. मी वाचलं, डोकं दुखलं.)

पेरलं काय होतं ते मी कधी विचारलं नव्हतं. पण पानं म्हणजे खाली मुळा असणार, दुसरं काय? फोनवर रोज अर्धा इंच वाढवत गेलो. ही येण्याच्या आठवड्यात भाजीवालीकडून पाल्यासकट मुळे आणले, पाइपाच्या तुकड्याने भोकं पाडली, दोरी लावून, पाणसळ ठेवून चोवीस मुळे एका रेषेत रोवले. दुपारपर्यंत पाला मान टाकून मोकळा! ही नक्की कुठल्या दिवशी येणार ते सांगेना, म्हणून रोज सकाळी जुने उपटायचे, ताजे रोवायचे. उपटलेले कोण खाणार? मीच. भाजीवाली म्हणाली, "काका, घरात घोडा पाळलाय काय?" शेजारची मास्तरीण भिंतीवरून बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "भाऊ, परवा मुळे लहान होते, काल मोठे झाले, आज परत लहान कसे?" भाजीवालीकडे आज जे असेल ते मिळणार ना! मी म्हटलं, गारठ्याने आकसले. ती वहीत काहीतरी लिहून घेऊन आत गेली.

शेवटी ही आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी परसदारी. एक मुळा नुसता धरला तर सुरी काढावी तसा हातात आला. दुसऱ्याला जुडीची सुतळी राहिली होती. मी म्हटलं, आधाराला बांधली आहे. हिने मुळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, रांगेच्या टोकाला जाऊन एक डोळा मिटून रांग बघितली. मग मुळा धुतला, कडाकडा खाल्ला आणि म्हणाली, "हं. सामान कधी हलवताय?"

झालं, हरलो. इज्जत मात्र राहिली. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : काम नाही म्हटलं, पण एक आहे. शनिवारी टेम्पो येईल. चाळीस पाइप, दोन बेसिनं आणि तो कमोड तुझ्या जिन्याखाली बसतात, मागे आलो तेव्हा मापं घेऊन ठेवली होती. नाही म्हणू नकोस, टेम्पोवाल्याला सांगून झालंय.

ता. क. दुसरा : पाकिटाला डिंक हवा म्हणून हिचा खण उघडला. आत बियांची रिकामी पाकिटं. पालक, मेथी, कोथिंबीर. मुळा नाहीच! म्हणजे पहिला मुळा हातात आला तेव्हाच हिला सगळं कळलं होतं, आणि ही बाई अवाक्षर न काढता परसदार घेऊन मोकळी झाली! जाब विचारायला उठलो आणि परत बसलो. आधी पालक कुठे गेला ते मलाच सांगावं लागेल.

ता. क. तिसरा : आत्ताच मागून हाक आली, "अहो, पत्र टाकायला जाताय तर येताना मुळ्याचं बी आणा. तुमच्या हाताला मुळा छान येतो." पिशवी घेऊन निघालोय.