बॅच नंबर अकरा

३ मार्च १९५९, मंगळवार
तिरुच्चीचं कॉलेज सोडून आज एक महिना झाला. सोडलं म्हणजे मीच सोडलं. डेमॉन्स्ट्रेटरने एकच टायट्रेशन तीनदा करायला सांगितलं. मी म्हटलं, मूर्खाला तीनदा लागतं, मला एकदा पुरतं. त्याने आवाज चढवला. मग ब्युरेट फुटली.
अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. आईकरवी बोलतात. मी समोर पानावर बसलेला, आणि तिला म्हणतात, त्याला विचार, सांबार वाढू का.
आजपासून रोज लिहायचं. देवनागरीत लिहितो. घरात अप्पांशिवाय कोणालाच ही लिपी वाचता येत नाही, आणि अप्पा माझ्या वस्तूला हात लावणार नाहीत. सुरक्षित.

९ मार्च, सोमवार
आयुष्याला दिशा मिळाली. सकाळी सव्वादहाला.
तीन घरं पलीकडे सूर्यनारायणराव हेडमास्तर. त्यांची मुलगी कनकलता वीणा वाजवते. आज वाजेना. वीणेचे पितळी पडदे मेण आणि काजळीच्या थरात बसवलेले असतात. ऊन तापलं की थर मऊ पडतो, पडदे सरकतात, सूर जातो. दर उन्हाळ्याला सांबशिव आचारीला, म्हणजे वीणेच्या सुताराला, बोलवायचं, तो मेण तापवून पुन्हा बसवणार. शेकडो वर्षं हेच चाललंय! कोणाच्या डोक्यात आलं नाही!
मऊच न पडणारं मेण. मी करणार. मग सूर्यनारायणराव कोणत्या तोंडाने नाही म्हणतात ते बघू.
कनकलतेने ताक आणून दिलं. "घ्या अण्णा" म्हणाली. तिची आई समोर होती, भाऊ सोडून बिचारी दुसरं काय म्हणणार?

१४ मार्च, शनिवार
बॅच १, २, ३. मागच्या अंगणात, आईच्या जुन्या कढईत. मेण, काजळी, राळ. तिन्ही दुपारी गच्चीवर लोण्यासारख्या.
सांबशिव आचारी गल्लीतून जाताना डोकावला. म्हणाला, तंबी (मी म्हणे त्याचा धाकटा भाऊ!), एका वेळी एकच जिन्नस बदल. आणि जुन्या मेणाचा एक गोळा शेजारी ठेव, नाहीतर तुझं मेण चांगलं की आजचं ऊन कमी, कसं कळणार? वर म्हणाला, किती काय घातलं ते भिंतीवर कोळशाने लिहून ठेव.
मी सांगितलं, माझी वही आहे. दीड वर्ष केमिस्ट्री शिकलोय. म्हणाला, हो, उरलेलं दीड मी शिकवतो. हसत गेला. यापुढे त्याच्याशी बोलायचं नाही.

२३ मार्च, सोमवार, दुपारी २
बॅच ७ विजयी! दोन तास गच्चीवर, नख रुतत नाही! आईला ओढत वर नेलं. ती म्हणाली, मघापासून ढग आलेत, म्हणून मी वडाम-पापड वाळत घातले नाहीत.

२४ मार्च
ऊन. बॅच ७ गच्चीच्या पन्हाळीतून खाली.

७ एप्रिल, मंगळवार
बॅच ११. सकाळी अप्पांनी आईला सांगितलं, त्याला सांग, किराणा दुकानदार हिशेबाला माणूस शोधतोय. डोकंच फिरलं. हाताला लागेल ते कढईत फेकलं. तेवढ्यात मागच्या दाराने कनकलता, आईकडे कढीपत्ता मागायला. मोरपिशी दावणी परकरावर तिरकी घेतलेली, किरमिजी काठ, चार बोटं रुंद. डाव्या कानातली जिमिक्की केसात अडकलेली. दारापासून चुलीपर्यंत नऊ पावलं. "काय शिजतंय अण्णा?" म्हणाली. अडीच मिनिटं उभी राहिली. कढीपत्त्याच्या तीन काड्या नेल्या. वळून एकदा पाहिलं (कढईकडे, पण कढई माझीच). तेराव्या पावलाला दिसेनाशी झाली.

८ एप्रिल, बुधवार
सबंध दुपार कडकडीत ऊन. बॅच ११ चा गोळा दगड. (उरलेली डब्यात तेलाखाली अजून मऊ, वारं लागलं की धरते.) खिळा तापवून टोचला, खिळा वाकला. मी सांगत होतो, एकदा पुरतं.

१६ एप्रिल, गुरुवार
रविवारी कनकलतेला बघायला मद्रासहून मंडळी येणार. वीणा वाजवून दाखवायची. सूर्यनारायणराव सांबशिवला बोलावणार होते. मी मध्ये पडलो. म्हटलं, आता पुन्हा कधी बोलवावं लागणार नाही. हेडमास्तर खूश. वीणा माझ्या स्वाधीन.
ती सूर सांगत होती, मी पडदे बसवत होतो. बॅच ११ फार लवकर धरते. ती "अजून वर, अण्णा, थोडं वर" म्हणेपर्यंत खालचे सहा पडदे जागच्या जागी धरले. हलेनात. तापवून पाहिलं. तापवून मऊ होत नाही, हेच तर यश आहे! सुरांत जरा फरक आहे. मद्रासच्या लोकांना काय कळतंय.
तिच्या डोळ्यात पाणी आलं. कृतज्ञता.

१७ एप्रिल
सांबशिवला गुपचूप बोलावलं त्यांनी. पटाशी लावून म्हणाला, काढता येईल, पण दंडीचं लाकूड फुटेल. माझ्याकडे बघून म्हणाला, मेण मऊ होतं हे त्याचं दुखणं नव्हे रे तंबी, चूक सुधारायला तेवढीच जागा असते.
तत्त्वज्ञान सगळ्यांना येतं.

१९ एप्रिल, रविवार
मुलगा गुरुराज. मद्रासला सरकारी लॅबोरेटरीत इंजिनिअर. रस्त्याचं डांबर तपासतो. डांबर! मी जमखाना घालायच्या निमित्ताने आत.
कनकलतेने वीणा घेतली. वरचे सूर ठीक, खाली उतरल्यावर मुलाच्या आईने कान झाकल्यासारखा हात केला. मला वाटलं, संपलं, मोडलं, देवच पावला. कनकलतेने वीणा बाजूला ठेवली आणि गायली.
पसंत.
मग गुरुराजने वीणा उलटसुलट पाहिली, मेणात नख रोवलं, चावीने खरवडलं. हे कोणी केलं, विचारलं. सगळ्यांनी आरोपी दाखवावा तसं माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, शाबास, वीणेला निरुपयोगी, पण पुलाच्या सांध्यात भरायला असंच काहीतरी आम्ही दोन वर्षं शोधतोय. पुन्हा करता येईल? मी म्हटलं, हवं तेवढं. म्हणाला, मग वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तीन बॅच पाठवा, तिन्ही सारख्या, प्रमाणासकट. लॅबोरेटरी असिस्टंटची जागा रिकामी आहे.
त्याच्या नोकरीवर मी थुंकतो.

७ जून, रविवार
लग्न झालं. कनकलतेला सख्खा भाऊ नाही. लाजाहोमाला तिच्या ओंजळीत लाह्या घालायला भटजींनी भाऊ मागितला. तिने माझं नाव सांगितलं. मांडवात, सगळ्यांसमोर. आजही तिची आई समोर होती, पण त्याचा काही संबंध दिसला नाही.
लाह्या तीनदा घालायच्या असतात. घातल्या.

९ जून
वीणा सोबत मद्रासला गेली. बॅच ११ जवळजवळ सगळी तिच्यातच. उरलेला गोळा आईने न्हाणीघराच्या बंबाच्या भोकात बसवलाय. गळत नाही. निघतही नाही.

६ जुलै, सोमवार
गुरुराजचं पत्र. जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवलीय, तीन नमुने लवकर पाठवा. खाली कनकलतेच्या अक्षरात, तमिळमध्ये: अण्णा, नक्की पाठवा, इथे सगळ्यांना सांगितलंय.
पत्र अप्पांनी वाचलं. मग माझ्याकडे वळले. आईकडे नव्हे, माझ्याकडे. म्हणाले, जयतीर्था, हे कर. पाच महिन्यांनी माझं नाव घेतलं त्यांनी. मी म्हटलं, तीन दिवसांचं काम, सगळं वहीत लिहिलेलं आहे.

९ जुलै
बॅच १२. लोणी.

१३ जुलै
बॅच १३, १४. राळ वाढवली. काजळी कमी केली. नाही, वाढवली. त्या दिवशी विटेची भुकटी होती का? आईला विचारलं. म्हणाली, तू तर माझी चुन्याची डबीही फेकलीस, अर्धी होती की भरलेली, कोणास ठाऊक. अप्पा कचेरीतून येताना राळ घेऊन आले. स्वतः. चूल फुंकत बसले माझ्याशेजारी.

२१ जुलै, मंगळवार
बॅच १५ ते १९. आता जुन्या मेणाचा गोळा शेजारी ठेवतो. माझ्या बॅच त्याच्या आधी वितळतात. सांबशिवने स्वतः भिंतीवर कोळशाने रकाने आखून दिले. हसला नाही. हसायला हवा होता.

२९ जुलै, बुधवार
बॅच २३. सकाळी दहालाच मऊ.
अप्पा म्हणाले, असं अंदाजाने किती दिवस? अकरावीचं प्रमाण वहीत आहे ना, मग आण, मी वाचून सांगतो, तू वजन कर. मी म्हटलं, मीच वाचतो. म्हणाले, तुझे हात तेलकट आहेत. वही घेतली. चष्मा लावला. सात एप्रिल काढलं.
मी तराजू धरून उभा.
अप्पा मोठ्याने वाचू लागले. "मोरपिशी दावणी"पर्यंत मोठ्याने. पुढे मनात. एकदा पान उलटून मागे पाहिलं, काही चिकटलंय का म्हणून. पुन्हा वाचलं. "चार बोटं रुंद" वर बोट ठेवलं, उचललं. मग चष्मा काढला, वही मिटली, माझ्या हातात दिली, आणि पाय धुवायला गेले.
रात्री पानावर बसलो. अप्पा समोर.
आईला म्हणाले, त्याला विचार, सांबार वाढू का.
मी आईला म्हटलं, त्यांना सांग, नको.