शोकप्रस्तावाला विरोध नसतो

९ सप्टेंबर
आठवीत आज आचल आली. काल तिच्या वडिलांची तेरवी झाली. बाकावर शेजारी बसणारी प्राची आधीच उठून मागे जाऊन बसलेली, कोणी सांगितलं नव्हतं. प्राची उपसरपंचांची मुलगी, आणि आचलचे वडील गेले ते उपसरपंचांच्याच वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. रानडुकरांसाठी तार लावलेली, तिच्यात लाइट सोडलेली. त्या सांजेला गावात लाइट नव्हती, म्हणून बिचारे निर्धास्त धुरा ओलांडत होते. बटण मात्र चालूच होतं. मधेच लाइट आली.
गावभर 'अटॅक आला.' आमचे मुख्याध्यापकही तेच म्हणतात.
नागरिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर 'ग्रामसभा' लिहिलं. पुढे काही सुचेना.

१२ सप्टें.
धडा सरकत नाही. पोरं आचलकडे बघत नाहीत, आचल खिडकीबाहेर बघते. शेवटी पुस्तक मिटलं. म्हटलं, ग्रामसभा कशी सुरू होते? आधी शोकप्रस्ताव. गेलेल्याचं नाव घ्यायचं, सगळ्यांनी उभं राहायचं. चर्चा नाही, विरोध नाही. लिहा आपापल्या माणसासाठी.
एकाने बैलासाठी लिहिलं. कोणी हसलं नाही. दोघी-तिघी रडल्या, मग मलाही आवरेना. मुख्याध्यापक दारातून डोकावून गेले.
आचलने कागद कोराच दिला. जाताना, "विरोध नाईच करत का कोनी, मॅडम? सरपंच बी?"
"कोणीच नाही."
ठासून सांगितलं.

१८ सप्टें.
मुख्याध्यापक: "मॅडम, नागरिकशास्त्र हाय किती मार्कांचं? तेवढंच शिकवा नं."
धान गर्भात आलंय, डुकरं उतरायला लागली. मी संध्याकाळी फिरणं बंद केलं. डांबरी रस्ता सोडून पाऊल टाकवत नाही. तार कुठे नाही? आचलच सांगत होती, "आमच्याबी वावरात हाय. बाबानंच लावली होती. आता काका बटन दाबते." पोरीच्या तोंडावर काहीच नाही. मला तिची भीती वाटली. खरंच वाटली.

२५ सप्टें.
आचलचा प्रस्ताव झाला. बालसभेत मंजूर, ग्रामसभेत तीच वाचणार. वाचून खाली बसली तर प्राची मागून उठली, आणि पुन्हा आचलच्या बाकावर येऊन बसली. बोलल्या नाहीत.
शाळा सुटल्यावर फाटकाशी उपसरपंच. हसतमुख. "खोली बरी हाय नं, मॅडम? एकट्याच राह्यता. सांभाळून राहा बाप्पा, दिवस खराब हायेत." चहाला बोलावलं. नाही गेले. कडी दोनदा तपासली.

२ ऑक्टो.
ग्रामसभा. आचलचा आवाज कापला नाही. "माझे वडील अटॅकनं नाही, तारेतल्या करंटनं गेले. आज जे जे उभे राहतील, त्यांनी आपापल्या धुऱ्यावरची तार काढावी."
कोणी हलेना. सरपंच छताकडे बघत होते. मग प्राची उभी राहिली, बापाच्या शेजारून. मग बाया. मग सगळेच, शोकप्रस्तावाला बसून राहणार कसं? उपसरपंच शेवटी उठले, टोपी हातात घेऊन.
आज माझ्यासाठी मीच शिरा केला. तूप सढळ.

४ ऑक्टो.
एक तार हलली नाही. पोरं घरोघर विचारून आली.
आचल: "ठराव झाला नं? मंग काहून काढून नाई राहिले?"
म्हटलं, ठराव झाला तरी अमलात माणसांनीच आणायचा असतो.
"कोनत्या मानसांनी?"
"ग्रामसभा म्हणजे कोण? आपणच ना?"
पुस्तकातलंच उत्तर. आचल-प्राचीने एकमेकींकडे बघितलं. पुढे काहीतरी बोलायला हवं होतं मी, पण घंटा झाली.

५ ऑक्टो., सांज
दुपारपासून लाइट नाही. जीव उकडून निघाला. दार उघडं टाकून वह्या तपासल्या, आता उजेडही पुरेना.
मघा आचल-प्राची दारावरून गेल्या, वावराच्या बाजूने. "कुठे गं?" "आत्ता येतो, मॅडम!" खिदळत होत्या. आचलला हसताना किती दिवसांनी बघितलं. बरं वाटलं, हाक मारून थांबवलं नाही. सभेचा हाच फायदा झाला म्हणायचा. ठराव राहू दे कागदावर, पोरी तर बोलायला लागल्या. प्राचीच्या हातात पक्कड होती, बहुतेक सायकलची चेन
सायकल नव्हती.
बटणं घरोघर चालूच असतील. आचलला हे माहीत आहे, तिच्याइतकं कोणाला माहीत? तरी गेली. लाइट नाही तोवर तार कापून होईल म्हणून. उपसरपंचांचा फोन लागत नाही. चप्पल
पंखा फिरायला लागला.