शॉनब्रुनच्या भिंतीमागे

व्हिएन्ना, १० फेब्रुवारी

प्रिय रत्नपाल,

सप्रेम जयभीम. पुंजाजीकाकांना जाऊन परवा महिना होईल. तुझे वडील गेले आणि फोनवर मला तुझ्याशी नीट बोलताही आलं नाही. तूही नुसता "हं, हं" करत राहिलास. म्हणून शेवटी कागद घेतला. आपल्या गावी, हट्ट्याला पत्र पोचायला किती दिवस लागतील, ते इथल्या पोस्टातल्या बाईला काही सांगता येईना.

रविवारी मी शॉनब्रुनचा राजवाडा पाहून आले. दीड वर्ष याच शहरात राहून तिकडे फिरकले नव्हते. नांदेडला ग्रंथालयात तू मला त्याचं चित्र दाखवलं होतंस, आणि जायचं तर दोघांनी मिळून, असं ठरलं होतं. "राजाचं नाव समद्यांला ठावं हाय, तिथं झाडू मारणाऱ्याचं नाव कुठं लिवलंय का, ते मला बघायचंय," असं तू म्हणाला होतास. त्याच प्रश्नावर तू इथल्या विद्यापीठाला अर्ज लिहिलास. माझा अर्जही तूच दोनदा तपासून दिलास. दोघांची निवड झाली. मग निघायच्या नऊ दिवस आधी काकांना लकवा मारला आणि विमानात मी एकटीच बसले.

राजवाड्यात सगळं पांढरं आणि सोनेरी. लोक माना वर करून छतं बघत होते. मी एका खोलीत अडकून पडले. कोपऱ्यात खोली उबदार ठेवायची, माणसाहून उंच अशी पांढरी शेगडी होती, पण तिला दारच नव्हतं. लाकूड घालतात कुठून ते कळेना. राजवाडा दाखवणाऱ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, भिंतीमागे अरुंद बोळ आहे, नोकर तिथून जाळ घालायचे. खोलीत राख सांडू नये आणि माणूसही दिसू नये म्हणून. मी नोकरांची नावं विचारली. त्या म्हणाल्या, जुन्या कागदांत असतील, कुणीतरी शोधायला हवीत.

मला काका दिसले. हळद शिजवायच्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतात कढईखाली कपाशीच्या पऱ्हाट्या सारत बसलेले, भुवया करपलेल्या. शाळेतून येताना आपण हाक मारायचो, तर ते मान न वळवता नुसता हात वर करायचे. हळद कच्ची राहिली तर बोल त्यांनाच बसायचा. मी तिथल्या बाकावर बसून रडले. शेजारी बसलेल्या कुठल्याशा देशाच्या म्हातारीनं काही न विचारता मला कागदी रुमाल दिला.

तू या सगळ्या काळात काकांना उचललंस, पुसलंस, घास भरवलास. माझ्याजवळ तू कधी कुरकुर केली नाहीस. एकदाच बोललास, काका गेल्यानंतर, "जागा तर तवाच गेली, आता काय." तेव्हा मी विषय बदलला.

रत्नपाल, जागा तेव्हा गेली नव्हती. विद्यापीठानं ती वर्षभर राखून ठेवली होती. तू त्यांचे मेल उघडणंच सोडलं होतंस, म्हणून गेल्या मार्चमध्ये इथल्या प्राध्यापकबाईंनी मला गाठलं: त्याला कळव, महिनाअखेरपर्यंत होकार यायला हवा. मी लगेच तुला फोन लावला. तू फोन घरी ठेवून औषध आणायला वसमतला गेला होतास. तुझ्या आईनं, पंचफुलाकाकूंनी उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आयशू, त्याला सांगू नको. त्यो जाईल, आन् ह्यांला कूस बदलायला माज्या एकटीच्यानं व्हायचं न्हाई." मी "बरं" म्हणाले. त्यांची तकलीफ खरी होती. पण खरं लिहायचं तर मला आतून थोडं हायसंही वाटलं. तू आला असतास तर नांदेडसारखंच इथंही सगळ्यांनी तुझ्याकडेच बघितलं असतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. शनिवारी काकूंचाच फोन आला. "आता सांग त्याला. माज्या तोंडातून निगंना. कागदावर लिव, फोनवर असलं तर त्यो मधीच कापंल." काल मी प्राध्यापकबाईंना भेटले. पहिल्यापासून अर्ज करावा लागेल, हमी कुणी देत नाही, मुदत एप्रिलअखेरची आहे. कागद सोबत आहेत. माझ्यावर राग धर, पण अर्ज भर. आणि पत्र आलं की काकू बाहेर ओट्यावर जाऊन बसणार आहेत, तसं त्यांनी मला सांगून ठेवलंय. तू बोलावल्याशिवाय त्या आत येणार नाहीत. त्यांना फार वेळ बसवू नकोस.

तुझीच,
ऐश्वर्या