फसलो म्हणायला काय झालं होतं, सर?

प्रिय शकील सर,

परवा सकाळी ग्राउंडवर कोणीतरी तुमचा शब्द ओरडलं, आणि ओरडणाऱ्याच्या हातात बॉलच नव्हता! तेव्हापासून माझं डोकं जागेवर नाही. जे घडलं ते आधी तुम्हालाच सांगायला हवं, आणि तुम्हाला तर आम्हीच रोहिणखेडला माती देऊन आलोय. म्हणून लिहायला बसलो. हे पत्र टाकायचं कुठे, ते लिहून झाल्यावर बघू.

‘माती देऊन आलो’ हे मीच लिहिलं आणि मलाच खरं वाटेना. तुम्ही, सर? आमच्या अख्ख्या टीमला पळवून दमवायचे आणि स्वतः गवतावर बसून शेंगदाणे खायचे, ते तुम्ही? सर्दीसुद्धा झालेली पाहिली नव्हती तुम्हाला कधी. कसं मानायचं मी?

तुम्ही मोताळ्याच्या आमच्या कॉलेजात आलात तो दिवस आठवतो. आधीचे सर बॉल हातात द्यायचे आणि लिंबाखाली पेपर वाचत बसायचे. आम्ही आपले मोकाट. ज्याच्या हाती बॉल पडला तो द्यायचं नावच घ्यायचा नाही. तुम्ही तासिकेवर नेमलेले, नवीन. आम्हाला वाटलं, शिट्टी फुंकतील आणि जातील. तुम्ही मात्र कापूस वेचायची दोन पोती घेऊन आलात, खांबावर चढलात आणि दोन्ही रिंगांची तोंडं बांधून टाकलीत.

“आता बास्केट बंद,” तुम्ही खाली उतरत म्हणालात. “पहिले एकमेकायले बॉल द्यायले शिका. मंग रिंगले द्या.”

मी कॅप्टन ना! माझा पारा चढला. सरळ प्राचार्यांकडे तक्रार घेऊन गेलो की नवीन सरांनी बास्केटबॉलमधून बास्केटच काढून टाकली. ते म्हणाले, “नवीन आहेत, थकतील.” तुम्ही कुठले थकताय! शिट्टीसुद्धा खिशात घातलीत ती परत काढलीच नाही. म्हणालात, मी वाजवणार नाही, तुम्ही बोला. कोण मोकळा आहे, कोण मागे आहे, सगळं तोंडाने सांगा. आम्ही मुक्यासारखे धावत होतो आणि तुम्ही रेषेवरून ओरडत होता, “तोंडात दही जमलं का बे? चूप राह्यला तर बाजूच्याले कसं कळन?”

आणि मग तो शब्द काढलात. फसलो!

कोपऱ्यात दोघांनी घेरलं, पाय अडकले, बॉल कुठे द्यावा कळेना, तर लाज सोडून ओरडायचं, फसलो! जो जवळ असेल त्याने हातचं सोडून धावायचं. कोणी नाही धावलं तर सगळ्या टीमने ग्राउंडला चकरा मारायच्या, ओरडणारा सोडून. हा तुमचा कायदा. कुंपणापलीकडून मुली स्टँडकडे जाताहेत आणि आपण ‘फसलो, फसलो’ म्हणून बोंबलतोय! गजूचा तर आवाजच निघायचा नाही. तुम्ही त्याला ग्राउंडच्या त्या टोकाला उभं करून म्हणायचे, “अजून जोऱ्यानं. मले आयकू नाई आलं.” कान लाल व्हायचे त्याचे.

बुलढाण्याच्या मॅचला समोरची पोरं खिदळली आमच्यावर. फसले रे फसले म्हणून टाळ्या पिटल्या. पण जितक्या वेळा आमचा कोणी ओरडला तितक्या वेळा शेजारी कोणीतरी उभा होता. संपेपर्यंत त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं! येताना एसटीत तुम्ही मागच्या सीटवर डोळे मिटून बसला होता. आम्हाला वाटलं झोपलात. गालात हसत होता.

मी एकटा मात्र कधी ओरडलो नाही. घेरलं तर धक्के देऊन निघायचो, बॉल गेला तर गेला. तुम्ही चिडवायचे, “कॅप्टनसाहेब, तुम्ही कवाच फसत नाई वाटते? ज्या दिवशी तू वरडशीन ना अमोल, त्या दिवशी पेढे वाटीन मी.” मी म्हणायचो, मग तुमचे पेढे वाचले सर. किती तोरा होता मला!

या वर्षी कपाशीचं काय झालं ते तुम्हाला काय सांगायचं. बीटीचं बियाणं आलं तेव्हा घरोघरी म्हणत होते, चला, फवारणीची कटकट गेली. आणि आता बोंड फोडलं की आत गुलाबी अळी! पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्या वर गेलेली. पाठीवर पंप, नळी वर धरून औषध मारायचं, आणि मारलेलं सगळं आपल्याच तोंडावर उतरतं. आमच्यातले निम्मे सुट्टीच्या दिवशी हेच करतात. तुम्हीही भावाच्या वावरात करता, हे मात्र आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलंत कुठे?

त्या सोमवारी तुम्ही काळा चष्मा लावून आलात. आम्ही शिट्ट्या मारल्या, सर हिरो झाले म्हणून! तुम्ही हसलात. मग मला पास दिलात तो माझ्यापासून हातभर लांब गेला. आम्हाला वाटलं गंमत करताय. शर्ट घामाने गच्च, आणि सकाळची थंडी होती सर. कडेच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलात. मी विचारलं, काय होतंय? म्हणालात, “काई नाई. झोप नाई झाली.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच फोन आला की बुलढाण्याच्या दवाखान्यात सर गेले. मी म्हटलं, खोटं आहे. फोन ठेवला, बूट घातले आणि ग्राउंडवर गेलो. बाकीचेही आलेले होते. कोणालाच सुचत नव्हतं. आम्ही वर्तुळ करून उभे राहिलो, रोज उभे राहतो तसे, आणि तुमची वाट बघितली. खरंच बघितली सर. वेडेपणा म्हणा.

कब्रस्तानात तुमचे भाऊ मला म्हणाले, “फवारून आला तवापासून, दोन दिस, त्याले उलट्या होऊन राह्यल्या होत्या. दवाखान्यात चाल म्हटलं तं म्हणे, पोरायची मॅच हाय, कोणाले सांगू नको.”

सर! कोणाले सांगू नको?

राग आला मला. मातीची मूठ हातात होती आणि तुमचा राग आला. आम्हाला घसा फुटेपर्यंत ओरडायला लावलंत, आणि स्वतःवर वेळ आली तर डोळे लपवायला काळा चष्मा लावलात? हातभरावर उभा होतो ना मी! एक शब्द टाकला असता तर खांद्यावर घालून नेलं असतं. जवळचा धावतो म्हणालात ना? मग आम्ही तुमचे जवळचे नव्हतो का?

आता परवाचं सांगतो. तुमच्यानंतर आम्ही पहिल्यांदाच ग्राउंडवर उतरलो होतो. गजू आला तो डोळे चोळत. विचारलं, काय झालं बे? म्हणाला, “काई नाई, झोप नाई झाली.” अगदी तेच शब्द! मी त्याला पुन्हा विचारणार होतो, पण तोवर खेळ सुरू झाला होता. बॉल त्या टोकाच्या रिंगखाली, सगळे तिकडे. आणि मधल्या रेषेवर रिकाम्या हातांनी उभा राहून गजू ओरडला, “फसलो!”

पोरं हसली. एक जण म्हणालासुद्धा, “बॉल कुठी हाय बे तुह्याजवळ?” तो पुन्हा ओरडला. इतका मोठा आवाज त्याने तुमच्यासमोर कधी काढला नव्हता. आणि खाली बसला. तोंडातून लाळ, हात थरथर. आम्ही सगळे धावलो सर. कोणी सांगायला लागलं नाही. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये धरून आधी इथल्या सरकारी दवाखान्यात, तिथून बुलढाण्याला. आदल्या दिवशी बापाला बरं नव्हतं म्हणून वावरात फवारायला तोच गेला होता. डॉक्टरांनी त्याचे कपडे उतरवून अंग धुवायला लावलं, सलाइन, इंजेक्शनं, आणि बाहेर येऊन आम्हालाच झापलं. मग म्हणाले, वेळेवर आणलंत.

आज तो उठून बसला, चहा मागितला. मी विचारलं, ओरडलास कसा रे तू? तर म्हणतो, “माह्या तोंडातून ‘काई नाई, झोप नाई झाली’ निघालं, अन् मलेच सरांचा चष्मा दिसला. म्हटलं, धावते का पाहू कोणी.”

मी वॉर्डाबाहेर आलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. तुमच्या मातीला रडलो नव्हतो मी. कॅप्टन ना! बाकीची पोरं रडत होती तेव्हा मी त्यांच्या चपला गोळा करत होतो. आज मात्र रडू आवरेना. गजू राहिला आणि तुम्ही नाही, यातलं कशावर विश्वास ठेवावा तेच मला कळेना. शेवटी मी पोरांना हाक मारली. कोणती हाक मारली ते तुम्ही ओळखलंच असेल. त्या गर्दीत, नर्सबाईंसमोर, मोठ्याने. सगळे आले. गजूसुद्धा सलाइनचा हात सांभाळत दारापर्यंत आला.

तर सर, शब्द देतो. फवारायला जो जाईल तो आधी टीमला सांगेल. एकटं कोणी जाणार नाही, तोंड बांधल्याशिवाय जाणार नाही. आणि रोज सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी वर्तुळात उभं राहून एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, मगच बॉल बाहेर काढायचा. चष्मा लावून आलेल्याचा चष्मा मी स्वतः काढीन, मग तो सर असला तरी. झोप झाली नाही हे कारण आमच्या ग्राउंडवर बंद.

आणि रविवारी हे पत्र घेऊन रोहिणखेडला येतोय. मी ओरडलो, सर. पेढे तुमच्याकडून होते, पण आता मीच घेऊन येतो.

तुमचा,
कधीच न फसणारा कॅप्टन,
अमोल